दुकानाचा लाइटवाला बोर्ड: एका पावसाळ्यातून दुसऱ्या पावसाळ्यात

ठाणे पूर्वेला कोपरीत आमचं चष्म्याचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी बघते. दुकानाचं पूर्ण नाव इथे देत नाही, जाहिरात करायची नाहीये. पण नावातला शेवटचा शब्द ‘चष्मेघर’ आहे एवढं सांगावंच लागेल, कारण पुढचं बरंचसं रामायण त्या अक्षरांचंच आहे. जुलै २०२४ मध्ये जुन्या बोर्डाने मान टाकली, त्याच वर्षी दसऱ्याला नवा लागला आणि आता ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या नव्या बोर्डाने एक पूर्ण पावसाळा काढलाय. बोर्ड करून घेताना कोणाला काय विचारायचं, हे सुरुवातीला सांगणारं कोणी भेटलं नव्हतं. म्हणून सविस्तर लिहितेय.

जुना बोर्ड २०१९ च्या दिवाळीत लावलेला. त्याआधी आमच्याकडे फ्लेक्सचा डबा होता. आत ट्यूबलाइट, त्यांचे चोक, आणि दर दोन-तीन महिन्यांनी शिडी लावून स्टार्टर बदलायचं काम. एलईडीची उठावदार अक्षरं आली तेव्हा वाटलं, सुटलो. पहिली दोन वर्षं बोर्ड खरंच झकास दिसत होता. मग एका टोकाची अक्षरं दुसऱ्या टोकापेक्षा मंद दिसायला लागली, लाल रंग गुलाबीकडे झुकला आणि स्क्रूंच्या खाली तपकिरी ओघळ उतरले. २०२४ च्या जुलैत पावसाने जोर धरला तसा आधी ‘च’ गेला, मग अर्धा ‘ष’ गेला. रात्री लांबून फक्त ‘मेघर’ दिसायचं. ऐन पावसाळ्यात हे नाव शोभतंय असं बाबांचं म्हणणं. समोरचा वडापाववाला म्हणाला, “ताई, चष्म्याच्या दुकानाचीच पाटी वाचता येईना, तर आम्ही जायचं कुठे?”

एका रात्री आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने ओलं शटर ओढताना हात झटकला आणि म्हणाला, “ताई, मुंग्या आल्या.” त्यानंतर कोणी हसलं नाही. मी आधी बोर्डाचा स्विच बंद केला, आणि नवा बोर्ड लागेपर्यंत तो पुन्हा चालू केला नाही. बोर्डाखालच्या शटरला, पत्र्याला किंवा रेलिंगला हात लावल्यावर झिणझिणलं तर टेस्टर घेऊन प्रयोग करत बसू नका. लाइट बंद करा आणि लायसन्सवाल्या वायरमनला बोलवा.

आमचे वायरमनदादा दुसऱ्या दिवशी आले. बोर्डाचं कनेक्शन दुकानातल्या लाइटच्या सर्किटमधूनच ओढलेलं होतं, लोखंडी सांगाड्याला अर्थिंग नव्हतं आणि आरसीसीबीही नव्हता. मला वाटायचं एमसीबी आहे म्हणजे सगळं सुरक्षित आहे. त्यांनी समजावलं की एमसीबी जास्त भार आला किंवा शॉर्टसर्किट झालं तरच पडतो. ओल्या भिंतीतून किंवा शटरमधून थोडासा करंट झिरपत असेल तर त्याला त्याचा पत्ताच लागत नाही. तो झिरपणारा करंट पकडायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. तो त्याच आठवड्यात बसवला, मालाचे २,६०० आणि मजुरीचे ७०० रुपये. त्यावर एक टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. दाबल्यावर खटका पडला नाही तर आरसीसीबी बदलायचा.

नंतरच्या रविवारी बोर्ड खाली उतरवला आणि दुकानात वर्तमानपत्रं पसरून त्यावर उघडला. एलईडी गेले, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. वायरमनदादांनी मेलेल्या ‘च’मधले एलईडीचे ठोकळे बाहेर काढून वेगळ्या पॉवर सप्लायला (घरच्या विजेचे बारा व्होल्ट करणाऱ्या डब्याला) जोडले, तर जवळजवळ सगळे पेटले! दिवे जिवंत होते, मेलं होतं ते त्यांच्या आजूबाजूचं सगळं.

‘च’च्या पोटात तळाशी पाणी साचलं होतं, चहाचा अर्धा कप भरेल एवढं. त्यात मेलेले पतंग, कोपऱ्यात पालीची दोन फुटकी अंडी. दोन अक्षरांमधला वायरचा जोड नुसता पिळून त्यावर काळी टेप गुंडाळलेली. उन्हाने टेपचा गोंद वितळून चिकट लगदा झाला होता आणि टेप सैल होऊन त्यातून पाणी शिरलं होतं. टेप सोलली तर आतलं तांबं पोपटी हिरवं. दादांनी बोटाने हलवलं तशी तार तुटून हातात आली. असे जोड बोर्डात जागोजागी होते.

मग त्यांनी मीटर लावून दाखवलं. सप्लायच्या तोंडाशी ११.८ व्होल्ट, शेवटच्या अक्षराशी ९.७. बारा व्होल्टच्या एका ठोकळ्यात तीन एलईडी एकामागे एक असतात. प्रत्येकाला साधारण तीन व्होल्ट, म्हणजे नऊ तिथेच गेले. उरलेल्या दोन-तीन व्होल्टवर त्यांचा करंट ठरतो. ते उरलेलेच पाऊण व्होल्टवर आले तर उजेड एक तृतीयांशही राहत नाही. सगळी अक्षरं एकाच लांब साखळीत, बारीक तारेने, एकाच टोकाकडून जोडलेली. त्यामुळे शेवटचं अक्षर पहिल्या दिवसापासून उपाशीच होतं, जोड गंजल्यावर ते डोळ्यांना दिसायला लागलं एवढंच.

पॉवर सप्लाय, म्हणजे कारागीर ज्याला एसएमपीएस म्हणतात तो डबा, बोर्डाच्या मागे पत्र्याच्या बंद खोक्यात होता. आमची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. मे महिन्यात दुपारी तीननंतर त्या पत्र्याला हात लावून दाखवा. सप्लायच्या आतले कपॅसिटर वरून फुगलेले होते. या कपॅसिटरचा ढोबळ हिशोब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य अर्धं होतं. वर शंभर वॅटच्या सप्लायवर शंभराच्या आसपास वॅटचा भार टाकलेला, म्हणजे तो स्वतःच्या उष्णतेनेही भाजत होता आणि उन्हानेही.

उरलेलं काम खाडीच्या हवेने केलं. कोपरीत मीठबंदर रोडच्या आसपास राहणाऱ्यांना खिडकीच्या गजांवरून हे माहीत असतंच. हवेत दमटपणा आणि खार दोन्ही. त्यात अॅल्युमिनियमच्या पत्र्यात लोखंडी स्क्रू पिळलेले. दोन वेगळे धातू एकत्र आणि मध्ये खारट ओल, म्हणजे छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यातला एक धातू खाल्ला जातो. स्क्रूच्या भोवती अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी झाली होती. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइपही जिथे कापला आणि वेल्डिंग केला, तिथेच गंजला होता. वेल्डिंगच्या उष्णतेने मुलामा जळतो, त्यावर पुन्हा जस्ताचा रंग लावायचा असतो. तो कोणी लावला नव्हता.

हे सगळं बघितल्यावर माझं मत पक्कं झालं, आणि ते आजही तेच आहे: बोर्डाचे पैसे समोरच्या उजेडाला मोजायचे नाहीत, मागच्या बाजूला मोजायचे. कोटेशनमध्ये मागच्या बाजूचा एक शब्दही नसतो, आणि बोर्ड मरतो तो तिथेच.

ऑगस्टमध्ये कोटेशन्स मागवली. सगळ्यात स्वस्त २४,००० रुपयांचं आलं, सगळ्यात महाग ६८,००० च्या पुढचं. दोन्हींवर मजकूर जवळजवळ एकच: ‘एसीपी बेस, अॅक्रिलिक एलईडी लेटर, फिटिंगसह’ (एसीपी म्हणजे अक्षरांमागचं अॅल्युमिनियम-प्लास्टिकचं पॅनेल). म्हणून मी प्रत्येकाला फोन करून तेच तेच प्रश्न विचारले. ठोकळे आयपी६५ की आयपी६७? सप्लाय कुठे बसवणार आणि त्यावर किती भार टाकणार? जोड कसे करणार? अक्षराच्या तळाला पाणी निघायला भोक ठेवणार का? एकाने सांगितलं, “मॅडम, भोक ठेवलं तर पाणी आत नाही का जाणार?” त्याला मी यादीतून काढलं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखानदारांनी मात्र उलट मलाच विचारलं, “तुमचं तोंड कुठल्या दिशेला? वर छज्जा आहे का? खाडी किती लांब?” काम त्यांना दिलं.

मुद्दाम भोक ठेवायचं हे मलाही आधी विचित्र वाटलं होतं, म्हणून थोडं सांगते. कितीही सिलिकॉन भरलं तरी अक्षर हवाबंद राहत नाही. दिवसा आतली हवा तापून बाहेर पडते, संध्याकाळी अचानक सर आली की अक्षर गार होतं आणि बाहेरची दमट हवा आत ओढून घेतं. रात्री तिचंच पाणी होतं. म्हणजे पाऊस आत शिरला नाही तरी पाणी येणारच. त्याला वाट ठेवली नाही तर ते साठत जातं. म्हणून प्रत्येक अक्षराच्या सगळ्यात खालच्या बिंदूला पाच-सहा मिलिमीटरचं भोक, आणि पाली-किडे शिरू नयेत म्हणून आतून बारीक जाळी. आयपी६५ आणि आयपी६७ मधला फरकही तेव्हाच कळला. दोन्हींत धूळ आत जात नाही. ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल, ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालेल. अक्षरात पाणी साचू शकतं हे धरून चाललं तर आपल्याला ६७ च हवं.

आता परवानगीचं. आपल्याच दुकानाच्या नावाची पाटी आपल्याच दुकानावर, तर त्याला कसली परवानगी, असं बऱ्याच जणांना वाटतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४५ मध्ये जागेवरच्या स्वतःच्या धंद्याच्या पाटीला सूट आहे, पण ती प्रकाशित नसेल तरच. आत किंवा मागे लाइट आला की आयुक्तांची लेखी परवानगी लागते. म्हणजे साधा रंगवलेला बोर्ड आणि लाइटवाला बोर्ड कायद्याच्या नजरेत वेगळे. मराठीचा नियम तर सगळ्यांना माहीतच आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही तो लागू झाला: देवनागरीत मराठी नाव हवंच, आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा तो खूप गाजला. आमचं नाव आधीपासून देवनागरीतच होतं. खालची रोमन अक्षरांतली ओळ या वेळी काढूनच टाकली, तेवढी अक्षरं वाचली.

कागद जमवायला आधी सोसायटीची एनओसी. आमचं दुकान जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. मे २०२४ मध्ये घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून सतरा जण गेले, तेव्हापासून कुठल्याही सोसायटीत बोर्ड म्हटलं की लोक सावध होतात, आणि त्यात गैर काही नाही. कमिटीच्या बैठकीत एका आजोबांनी थेट विचारलं, “बोल्ट बीममध्ये मारणार की प्लास्टरमध्ये?” उत्तर लेखी हवं म्हणाले. मग एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून वजन, बोल्टची जागा आणि सांगाड्याची आकृती असलेलं पत्र घेतलं, साडेतीन हजार रुपये. पहिल्या मजल्यावरच्या काकूंची अट वेगळी होती: “तुमचा उजेड माझ्या बेडरूममध्ये नको.” तीही एनओसीत लिहून दिली. तिच्यामुळे पुढे भलंच झालं, ते येईलच.

अर्जासोबत लागलं ते असं: दुकाने व आस्थापना कायद्याखालची पोच (लोक अजून गुमास्ताच म्हणतात), मालमत्ता कराची भरलेली पावती, सोसायटीची एनओसी, इंजिनिअरचं पत्र, दर्शनी भागाचा फोटो आणि त्यावर मापांसह बोर्डाची आकृती. १४ फूट बाय ३ फूट. आकृतीत बोर्ड भिंतीपासून किती बाहेर येतो तेही दाखवा, ते विचारलं जातंच. ऑगस्टच्या मध्यावर अर्ज दिला. मध्ये गणपती आले. विसर्जन होऊन गेल्यावर शुल्क भरायला बोलावलं, शुल्क क्षेत्रफळावर होतं. पत्र हातात आलं तेव्हा पितृपक्ष लागला होता. पत्राचे दोन रंगीत झेरॉक्स काढून एक दुकानात लावा आणि त्यावरची मुदत संपायची तारीख त्याच दिवशी मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

परवानगी हातात नव्हती तोवर मी कारखानदारांना आगाऊ रक्कम दिली नाही, पण डिझाइनवर बसलो होतो. आणि तिथे देवनागरीची खरी गंमत कळली.

रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटं असतं, त्यामुळे एक बिघडलं तर तेवढंच उतरवायचं. आपल्याकडे शिरोरेषा. जुन्या बोर्डात ‘चष्मेघर’ हा अख्खा शब्द शिरोरेषेने जोडलेला एकच लांबलचक डबा होता. एका ‘च’साठी सगळा शब्द खाली उतरवावा लागायचा, म्हणून कोणी उतरवतच नव्हतं. शिवाय शिरोरेषेची वरची बाजू म्हणजे पाच फूट लांब आडवी पट्टी. तिच्यावर धूळ बसते, धुळीत पाणी थांबतं, आणि समोरचा अॅक्रिलिकचा तुकडा बाजूच्या पट्टीला जिथे चिकटवलेला असतो तो सांधा नेमका तिथेच. पाणी शिरलं ते तिथूनच शिरलं होतं. खालच्या बाजूला एक ओघळही नव्हता.

आणि अनुस्वार! आमच्या नावात एक आहे. पंधरा इंची अक्षराचा अनुस्वार जेमतेम दोन-सव्वादोन इंचांचा, त्यात नेहमीचा ठोकळा बसत नाही. जुन्या बोर्डात तो नुसताच लाल प्लास्टिकचा ठिपका होता, रात्री गायब. ‘ष्मे’ची मात्रा वेगळी चिकटवलेली, तिला तार न्यायला मागून भोक पाडलेलं आणि ते बुजवलेलंच नव्हतं.

नव्या बोर्डात शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तोडली. दोन अक्षरांत तीन मिलिमीटरची फट आहे, रस्त्यावरून ती दिसत नाही. शिरोरेषेची वरची बाजू सपाट न ठेवता मागून पुढे किंचित उतरती केली, म्हणजे पाणी थांबत नाही. मात्रा आपल्या अक्षराच्याच पोटात, एकाच तुकड्यात कापलेली. अनुस्वाराला छोटा एक-एलईडीचा ठोकळा आणि त्याला स्वतःचं भोक. कारखानदार म्हणाले, बरेच लोक संगणकावर टाइप केलेला फाँट तसाच कापायला देतात. कागदावर छान दिसणारी बारीक वेलांटी उजेडात दिसतच नाही, कारण तिच्यात दिवा मावत नाही. म्हणून फाँट निवडताना सगळ्यात बारीक रेघ मोजा.

भावावर थोडी घासाघीस झाली. अक्षरांचा दर उंचीच्या इंचावर असतो. आमच्याकडे १६० रुपये इंच, पंधरा इंची आठ अक्षरं, १९,२०० झाले. त्यांना मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजायचे होते. मात्रा अक्षराच्याच तुकड्यात आहे म्हटल्यावर ते हसून गप्प झाले. अनुस्वार मात्र फुकटात आला. तुम्हीही कोटेशनमध्ये ‘जोडाक्षर, मात्रा, अनुस्वार धरून’ असं लिहून घ्या. मागच्या एसीपीचे सांगाड्यासह फुटाला ३४० प्रमाणे १४,२८०. इथे एक प्रश्न नक्की विचारा: कोटिंग पीव्हीडीएफ आहे का? आतल्या वापराचं साधं पॉलिस्टर कोटिंग उन्हात लवकर उतरतं, दुकानात उभं राहून बघताना दोन्ही सारखीच चकचकीत. अक्षरांचं अॅक्रिलिक कास्ट, म्हणजे ओतून बनवलेलं, घेतलं. रंग आरपार असलेलं, वरून लाल फिल्म चिकटवलेलं नको म्हटलं, कारण आमची लाल फिल्मच सगळ्यात आधी उडाली होती. आता निळा रंग आहे. बाबांना लाल हवा होता, त्यांची समजूत काढायला चार दिवस गेले.

कारखान्यात मी सिलिकॉनची नळी उघडून वास घेतला तेव्हा तिथले कारागीर माझ्याकडे बघत राहिले. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते अॅसिडवालं सिलिकॉन. सुकताना त्यातून अॅसेटिक अॅसिड सुटतं आणि बंद अक्षरात ते तांब्याला आणि सोल्डरला खातं. इलेक्ट्रिकच्या कामाला न्यूट्रल क्युअर लागतं. नळीवर तसं छापलेलं असतं, पण नाकही चालतं.

पॉवर सप्लाय बोर्डातून काढून दुकानाच्या आत, पोटमाळ्यावर हवेशीर जागी आणले. शंभर वॅटचे दोन घेतले, मिळून २,९०० रुपये. सगळ्या ठोकळ्यांचा मिळून भार ८० वॅटच्या आत आहे, म्हणजे प्रत्येकावर निम्म्याहून कमी. एक गेला तरी निम्मा बोर्ड चालू राहतो. सप्लाय लांब गेला की तार जाड हवी, म्हणून पोटमाळ्यापासून बोर्डापर्यंत अडीच स्क्वेअर एमएमच्या दोन वेगळ्या जोड्या, एक डाव्या टोकाला, एक उजव्या. फिटिंग झाल्यावर मी दादांना सगळ्यात लांबच्या ठोकळ्यावर मीटर लावायला सांगितलं: ११.६. बाहेरचे जोड आतून गोंद असलेल्या, तापवल्यावर आवळणाऱ्या हीटश्रिंक नळीने बंद केले, काळी टेप कुठेच नाही.

फिटिंग नवरात्रात झालं. बाबांनी पितृपक्षात हात लावू दिला नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यात पाऊसही ओसरला. बोल्ट बीममध्येच गेले, ते बघायला कमिटीतले ते आजोबा स्वतः खाली उभे होते. सांगाडा आणि भिंत यांच्यात इंचभर मोकळी जागा ठेवली, म्हणजे भिंत ओली झाली तरी मागून हवा खेळते. वरच्या कडेला पत्र्याची उतरती झालर. तार बोर्डात खालून शिरते, आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ दिलाय, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाच्या टोकाशी टपकतं, आत जात नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे (एसएस ३०४), खाली नायलॉनचे वॉशर. एसीपीवरची संरक्षक फिल्म त्याच दिवशी सोलली. चार दिवस राहू दे असा मोह होतो, पण उन्हात तिचा गोंद भाजून पक्का बसतो आणि मग नखांनी खरवडत बसावं लागतं.

पैसे पूर्ण देण्याआधी सोसायटीचा पाइप घेऊन दहा मिनिटं बोर्डावर पाणी मारलं, दिवा बंद ठेवून. मग अर्धा तास थांबून खालची भोकं बघितली. ‘घ’मधून नंतर बराच वेळ थेंब पडत राहिले. उतरवून बघितलं तर वरच्या सांध्यात वीतभर सिलिकॉनच नव्हतं. तिथल्या तिथे भरलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी मारलं. ही पाण्याची परीक्षा कोटेशनमध्येच अट म्हणून घाला. नंतर सांगितलं तर चेहरे पडतात.

१२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या संध्याकाळी बोर्ड पेटला. दुसऱ्याच दिवशी वरच्या काकूंचा फोन. लिहून दिलेलं होतंच, म्हणून ६५० रुपयांचा डिमर बसवला आणि उजेड ७० टक्क्यांवर आणला. रस्त्यावरून फरक जाणवत नाही, ठोकळे कमी तापतात म्हणजे टिकतातही जास्त. टायमर १,८०० चा, संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा.

अक्षरं, एसीपी, सप्लाय आणि ५,००० फिटिंग मिळून ४१,३८०, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४८,८२८ रुपये. वायरमन, तारा, टायमर, डिमर, आरसीसीबी आणि इंजिनिअरचं पत्र धरून, पालिकेचं शुल्क सोडता, एकूण साडेबासष्ट हजारांच्या आसपास गेले. बिलावर ठोकळ्यांचा ब्रँड, बॅच आणि वॉरंटी लिहून घेतली. नुसतं ‘वॉरंटी दोन वर्षं’ असं तोंडी सांगितलेलं पुढे कोणाला आठवत नाही.

देखभाल फार नाही, पण आहे. दिवाळीनंतर फटाक्यांची काजळी आणि मार्चमध्ये धुळीचा थर, असं दोनदा धुतलं. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब आणि मऊ फडकं. थिनर तर नाहीच, काच पुसायचा निळा स्प्रेही नाही. त्यातल्या अमोनियाने आणि अल्कोहोलने अॅक्रिलिकला बारीक तडे जातात. आम्ही चष्म्याच्या काचांबद्दल गिऱ्हाइकांना जे रोज सांगतो तेच हे. मेमध्ये दादांना महिनाअखेरीची तारीख दिली होती, आणि २०२५ चा पाऊस २६ मेलाच आला. उघडीप मिळाल्यावर जूनमध्ये ते वर चढले तर दोन अक्षरांची भोकं मातीने लिंपलेली! कुंभारीण माशीने आत घर केलं होतं. जाळी होती, पण तिने जाळीच्या बाहेरूनच लिंपलं. काडीने मोकळी केली. आता मेच्या पहिल्या आठवड्यातच बघायचं ठरलंय.

पावसाळा संपल्यावर गेल्या आठवड्यात पुन्हा सगळं तपासलं. अक्षरं कोरडी, शेवटचं व्होल्टेज तेच, काकू शांत. झालरीच्या एका स्क्रूला गंज चढलाय. तो बाकीच्यांसारखा नाही, कोणीतरी खिशातला साधा मारला असावा. बदलायला सांगितलाय. अनुस्वारातला छोटा ठोकळा सप्टेंबरमध्ये लुकलुकायला लागला, वॉरंटीत बदलून मिळाला, पण नव्याचा पांढरा जरा पिवळसर आहे. एलईडीच्या पांढऱ्यात बॅचप्रमाणे फरक पडतो हे ऐकलं होतं, आता दिसलं. म्हणून मोठ्या ठोकळ्यांचे त्याच बॅचचे डझनभर जास्तीचे आत्ताच विकत घेतले, ४२० रुपये. पोटमाळ्यावर सप्लायशेजारी डब्यात ठेवलेत, वर बॅच नंबर लिहून. तुम्ही बोर्ड नवा करतानाच तेवढे मागून ठेवा. नंतर तीच बॅच मिळेल याची कोणी हमी देत नाही.